निशाणी ५ वरचं एक अक्षर

मिरजेत एका बोळात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. १९८९ साली बारावी झाल्यावर मी तिथे इंग्रजी लघुलेखनाला नाव घातलं. खाली गिरणीची घरघर, वर दहा-बारा यंत्रांचा खडखडाट, आणि त्या सगळ्याच्या मधोमध सर हातात घड्याळ धरून डिक्टेशन द्यायचे. आवाजातून आवाज निवडून घ्यायची सवय मला तिथे लागली. पुढे कोर्टात पंखा, पक्षकारांची कुजबुज आणि बेलीफाचा पुकारा चालू असताना लिहायला कधी अवघड गेलं नाही, ते त्या गिरणीमुळे.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "स्पेलिंग विसरा. कानाला येईल तेवढंच लिहायचं." आयझॅक पिटमन या इंग्रज शिक्षकाने १८३७ साली ही पद्धत छापून काढली, तेव्हा पुस्तकाच्या नावातच 'साउंड-हँड' असा शब्द घातला होता. आवाजाची लिपी. प आणि ब यांना एकच तिरकी रेघ, प ला बारीक आणि ब ला दाबून. ट आणि ड ची उभी, क आणि ग ची आडवी. स्वर म्हणजे रेघेच्या बाजूला दिलेला ठिपका किंवा बारीकशी रेघ. आकृती ओळीच्या वर काढली, ओळीवर काढली की ओळीतून आरपार नेली, यावरूनही स्वराचा अंदाज येतो. देवनागरीत वाढलेल्या मुलीला हे सगळं माहेरच्यासारखं वाटलं. शाळेत ज्या मुक्या अक्षरांनी छळलं होतं, 'नो' मधला सुरुवातीचा के, 'राइट' मधले जी-एच, ती सगळी एका दिवसात गळून पडली. जसं ऐकायचं तसं लिहायचं. मला वाटलं, इंग्रजी असंच असायला हवं होतं.

वेग वाढायला लागला तसे स्वरही गळाले. मिनिटाला ऐंशी शब्दांच्या पुढे ठिपके द्यायला हाताला फुरसत नसते. वहीत राहतात ती व्यंजनांची हाडं. नंतर ट्रान्सक्रिप्शनला बसलं की त्या हाडांवर मांस आपल्याला चढवावं लागतं, आणि विसरलेलं स्पेलिंग तिथे दारात उभं असतं. 'प्रिन्सिपल' ची आकृती वहीत एकच. ती मुद्दलाची, तत्त्वाची की कॉलेजच्या प्राचार्यांची, हे आकृतीला माहीत नाही. 'स्टेशनरी' दुकानातली की जागेवर उभ्या गाडीची, तेही नाही. सरांकडे युक्त्या होत्या. लिफाफ्याचा ई म्हणून कागद-पेन्सिलीच्या स्टेशनरीत ई. प्रिन्सिपल हा मुलांचा 'पाल', म्हणजे मित्र, म्हणून माणसाला पी-ए-एल. परीक्षेपुरत्या त्या कामाला आल्या. पण बँकेच्या मुद्दलालाही पी-ए-एलच लागतं, आणि मुद्दल कुणाचा मित्र आहे, असा प्रश्न मला पडायचा.

१९९३ साली मी एका तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायालयात लघुलेखक म्हणून रुजू झाले. ज्यांनी कोर्ट आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. साक्षीदार मराठीत बोलतो, त्याची साक्ष मराठीत उतरते. पण आदेश आणि निकाल आमच्याकडे बहुतेक इंग्रजीत सांगितले जायचे. वर अपील गेलं तर उच्च न्यायालयाचं कामकाज राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजीत चालतं. तेव्हा साहेब डायसवरून किंवा चेंबरमध्ये बसून सांगत, मी लिहून घेई, मग टाइप करून सहीला ठेवी. साहेबांचा विचार आणि पक्षकाराच्या हातात पडणारा कागद यांच्यामध्ये माझी वही एवढीच काय ती जागा.

गोष्ट १९९८ ची. वाटणीचा दावा होता. एका विधवा बहिणीने वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागितला होता, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत भावांनी जमीन विकू नये म्हणून मनाईचा अर्ज दिला होता. असा अर्ज आमच्याकडे निशाणी ५ म्हणून ओळखला जातो. दिवाणी कोर्टात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला 'निशाणी पाच' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली दोन्ही बाजूंचा युक्तिवाद झाला, आणि साहेबांनी संध्याकाळी चेंबरमध्ये आदेश सांगितला. अर्ज मंजूर. शेवटचा, अंमलाचा भाग असा होता, "द डिफेन्डंट्स आर हिअरबाय रिस्ट्रेन्ड फ्रॉम इफेक्टिंग एनी ट्रान्सफर ऑफ द सूट प्रॉपर्टी."

माझ्या वहीत फ ची वक्ररेघ, तिला जोडून आडवा क. तो क अर्ध्याच लांबीचा काढला की त्यात ट आपोआप येतो, ही पिटमनची सोय. पुढे 'इंग' चा ठिपका. फ च्या आधीचा स्वर मी दिला नव्हता. कधीच देत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी चार कार्बन घालून टाइप करायला बसले, आकृती वाचली, आणि बोटांनी ए दाबला. 'अफेक्टिंग.'

एका अक्षराने काय केलं ते पाहा. साहेबांनी सांगितलं होतं की प्रतिवादींनी दावा मिळकतीचं कसलंही हस्तांतरण घडवून आणू नये. मी टाइप केलं त्याचा अर्थ, हस्तांतरणावर परिणाम होईल असं काही करू नये. म्हणजे शब्दशः वाचलं तर विक्री होत असेल तर होऊ द्यावी, तिला हात लावू नये. बहिणीला जे हवं होतं त्याच्या नेमकं उलट. साहेबांनी वाचून सही केली. त्यांच्याही नजरेतून सुटलं, कारण दोन्ही शब्द खरे आहेत, दोन्ही इंग्रजीत बसतात, आणि चुकलेला शब्द काही फाटक्या कपड्यात येत नाही.

पकडलं ते वादीच्या वकीलसाहेबांनी, नक्कल हातात आल्यावर. सत्तरीचे गृहस्थ होते. ओरडले नाहीत. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी नक्कल ठेवली, त्या शब्दाखाली नखाने रेघ ओढली आणि म्हणाले, "बाई, तुमची वही काढा जरा." मी वही काढली. त्यांना पिटमन येत नव्हतं. मी त्यांना आकृती दाखवली आणि सांगितलं की यात दोन्ही शब्द सारखेच दिसतात. ते बराच वेळ त्या आकृतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इथे काय लिहिलंय ते या वहीला विचारून कळणारच नाही. निकाल कुणाच्या बाजूने आहे ते विचारावं लागेल."

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर मराठीत लिहून ठेवलं.

लेखनातली अशी चूक संहितेच्या कलम १५२ खाली कधीही दुरुस्त करता येते. तरतूद सोपी आहे. पण सोप्या तरतुदीखालीही आमच्याकडे अर्ज आला, अर्जावर समोरच्याचं म्हणणं मागवलं गेलं, आणि समोरच्याने म्हणणं द्यायला मुदत मागितली. ती मिळाली. पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत भावांनी जमीन विकली नाही, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि रोज सकाळी कोर्टाच्या पायऱ्या चढताना माझ्या पोटात गोळा यायचा. साहेबांनी मला एकच सांगितलं, "चूक टंकाची म्हणून दुरुस्त होईल. पण सही माझी आहे." त्यापेक्षा त्यांनी झापलं असतं तर बरं झालं असतं.

दुरुस्ती झाली त्या दिवशी ती बाई माझ्या टेबलापाशी आली. खुरपणी सोडून आली होती, हातांवर माती तशीच. म्हणाली, "बाई, एका अक्षरापायी तीन खेपा झाल्या माझ्या. एसटीचं भाडं आन् रोजगार, दोन्ही गेलं. आता तरी नीट घातलंय न्हवं ते अक्षर?" मी तिला नवा कागद दाखवला, ई वर बोट ठेवून. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती वाकून त्या अक्षराकडे नीट बघून घेऊन गेली.

त्यानंतर मी जोड्यांची वही घातली. तीनशे पानी, वर खाकी कव्हर. डाव्या पानावर एक शब्द, उजव्यावर त्याचा जुळा, आणि खाली मराठी. आधी वाटलं होतं मराठी अर्थ लिहिला की प्रश्न मिटला. बऱ्याच ठिकाणी मिटतोही, आणि फार सुंदर मिटतो. 'मायनर' म्हटलं की कानाला खाणकामगारही ऐकू येतो आणि अठरा वर्षांखालचं मूलही. आपल्या जमिनीच्या कागदांत त्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात, सात-बारावर 'अपाक' म्हणून पालकाचं नाव असतं. अज्ञान शब्द डोक्यात आला की ओ आणि ई यांची चूक होऊच शकत नाही. 'एअर' मध्ये हवा की वारस? 'वेव्ह' मध्ये लाट की हक्क सोडून देणं? 'साइट' मध्ये जागा, दृष्टी की निवाड्याचा हवाला? वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हटलं की जुळी भावंडं आपापल्या घरी जातात.

पण ज्या शब्दाने मला पाडलं तिथे ही युक्ती फसते. अफेक्ट म्हणजे परिणाम करणे, इफेक्ट म्हणजे परिणाम. शाळेच्या डिक्शनरीत असंच असतं, आणि ते बरोबर आहे. फक्त इफेक्ट क्रियापद म्हणून आला की मराठीतला परिणाम बाजूला ठेवून 'घडवून आणणे' म्हणावं लागतं. ते मी शिकलेच नव्हते. 'इफेक्टिंग' ऐकलं, मनात परिणाम शब्द उमटला, परिणाम करणे म्हणजे ए, आणि बोट गेलं. माझी चूक कानाची नव्हती. मराठीने वाट दाखवली आणि मी पुढे न बघता चालले.

ही गाठ सोडवली त्याच वकीलसाहेबांनी. दुपारच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी बसून डबा खायचे आणि वहीतली एखादी जोडी मागायचे. त्यांना लॅटिन थोडं येत होतं, संस्कृत बरंच. म्हणाले, "आहार, विहार, प्रहार, संहार. धातू एकच ना? उपसर्गाने नेलं त्याला कुठल्या कुठे. तसंच आहे हे." लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणे. त्याच्या आधी 'अड' लागला की करणं एखाद्या गोष्टीपर्यंत जाऊन तिला धक्का देतं, तो अफेक्ट. 'एक्स' लागला की करणं बाहेर पडतं, पुरं होतं, तो इफेक्ट. त्या दिवसापासून मला ए आणि ई पाठ करावे लागले नाहीत. ए म्हणजे जाऊन लागलेलं, ई म्हणजे होऊन बाहेर आलेलं.

स्टेशनरीचंही त्यांनीच सांगितलं. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांच्या गावांत बहुतेक विक्रेते फिरते असत. पुस्तकवाल्याला मात्र ठरलेल्या जागी बसून विकायची परवानगी असे, म्हणून तो 'स्टेशनर', एका ठाण्याचा. त्याच्याकडे मिळते ती स्टेशनरी. म्हणजे दुकानातले कागद आणि रस्त्यात उभी गाडी हे दोघं मुळात सख्खे, एकाच 'थांबणं' मधून आलेले. प्रिन्सिपलचे दोन्ही शब्दही 'पहिला' या एकाच लॅटिन शब्दाचे. आणि काउन्सिल, म्हणजे परिषद आणि सल्ला देणारा वकील, यांची मुळं मात्र लॅटिनमध्ये वेगवेगळी. ती इंग्रजीत येऊन एकमेकांत मिसळली. दिसायला जुळे ते नेहमी नात्यातले असतातच असं नाही, आणि सख्खे एकमेकांसारखे वागतातच असं नाही. घरोघरी हेच असतं.

माझ्या मराठी कानाने आणखी जोड्या तयार केल्या, ज्या मुळात इंग्रजाला जोड्या वाटतही नाहीत. आपल्याकडे स आणि झ शेवटी आले की घाईत एकच होतात. एका प्रकरणात "धिस कोर्ट इज सीझ्ड ऑफ द मॅटर" असं सांगितलं गेलं, म्हणजे प्रकरण या कोर्टाच्या हाती आहे. माझ्या कच्च्या टायपात 'सीस्ड' आलं होतं. कोर्ट थांबलं, संपलं. तोवर मी सहीला जाण्याआधी प्रत्येक आदेश एकदा मराठीत मनात वाचायला शिकले होते, म्हणून ते माझ्याच टेबलावर मेलं. व्ही आणि डब्ल्यू यांचं तर विचारूच नका. मराठी तोंडाला दोन्हींना एक व पुरतो.

आकड्यांची भीती सगळ्यांत जास्त. फोर्टी आणि फोर्टीन. इंग्रज तोंड एकात पहिल्या भागावर जोर देतं, दुसऱ्यात शेवटच्या. आपण जोर देतच नाही, आपल्या भाषेत त्याचं काही अडत नाही. पोटगीच्या हुकमात चौदा महिन्यांची थकबाकी आणि चाळीस महिन्यांची थकबाकी यात सव्वीस महिने एका बाईचं घर चालतं. मी प्रत्येक वेळी मोठ्याने विचारायची, "साहेब, एक-चार की चार-शून्य?" एका साहेबांना ते आवडायचं नाही. लय तुटते म्हणायचे. त्यांची लय तुटत असेल, मी मान्य करते, पण मी विचारायचं सोडलं नाही.

पुढे संगणक आला. सगळे म्हणाले, आता चुका संपल्या, चुकलं की खाली तांबडी रेघ येते. तांबडी रेघ येते ती भाषेत नसलेल्या शब्दाखाली. जुळ्यांतला चुकीचा भाऊ तिच्यासमोरून ताठ मानेने निघून जातो. आणि कार्बन घालून टाइप करताना एक चूक म्हणजे चार कागदांवर खाडाखोड, म्हणून जी भीती बोटांत असायची, ती पडद्यावर राहिली नाही. माझ्या हाताखाली आलेल्या मुली माझ्यापेक्षा हुशार होत्या, वेगही जास्त. त्यांना मी एवढंच करायला लावायची की टाइप झालेला अंमलाचा भाग मला मराठीत सांगा, कागद न बघता. कोण, कोणाला, काय करायला, केव्हापर्यंत. जिथे अडखळल्या तिथे शब्द तपासायचा.

पिटमनबद्दल पुढे वाचलं तेव्हा कळलं की तो नुसता लघुलेखनाचा जनक नव्हता. इंग्रजीचं सगळं स्पेलिंगच उच्चाराप्रमाणे बदलावं, म्हणून त्याने आयुष्यभर खटपट केली. एकोणिसाव्या वर्षी गिरणीच्या माडीवर बसून मी त्याच्या बाजूने मत दिलं असतं. आज देणार नाही. 'राइट' म्हणजे लिहिणे, यातला डब्ल्यू एकेकाळी लोक उच्चारत. 'राइट' म्हणजे हक्क, यातला जी-एच घशातून काढत. जिभेने ते आवाज टाकून दिले, कागदाने सांभाळले. आपणही ष चा वेगळा उच्चार कधीच सोडला, पण लिहायचा सोडला नाही. दीन आणि दिन कानाला किती जणांना वेगळे लागतात? आणि आपल्याकडे याच्या उलटही आहे. 'जरा थांबा' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा कागदावर एकच, जिभेवर दोन. तेव्हा आपण बोलतो तसं लिहितो, हा आपला मोठेपणा मी फार ताणत नाही. पिटमनची सुधारणा झाली असती तर त्या दिवशी माझ्या आदेशात ए आणि ई यांचा फरक राहिला असता की नाही कोण जाणे. पण हक्क आणि लिहिणं, वारस आणि हवा, हे कागदावर कायमचे एक झाले असते, आणि सत्तरीच्या एका वकिलाला नखाने रेघ ओढायला जागाच उरली नसती.

नोकरी सोडायला काही महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. नव्या बदलून आलेल्या मॅडम होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. निशाणी ५ वर आदेश सांगत होत्या. पुन्हा जमीन, पुन्हा मनाई, आणि वाक्य जवळजवळ तेच. "रिस्ट्रेन्ड फ्रॉम इफेक्टिंग." मी पेन्सिल वर केली.

"काय झालं, ताई?"

"मॅडम, ई ना?"

त्या थांबल्या. स्वतःशी वाक्य एकदा पुटपुटल्या. मी वहीचं पान उलटं करून त्यांच्यापुढे धरलं आणि आकृतीवर पेन्सिल टेकवून सांगितलं की इथे दोन्ही असेच दिसतात. त्यांनी पिटमन कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे मी सांगितलेलं तुमच्या वहीत आलंय, पण त्यातलं काय आलंय ते नाही?" असं म्हणून त्या जरा वेळ खिडकीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ते खोडा. 'मेकिंग' घ्या. फ्रॉम मेकिंग एनी ट्रान्सफर. हस्तांतरण करू नये, बस. वकिलांनाही नको आणि पक्षकारांनाही नको तो घोळ."

मी फ आणि अर्ध्या क वर आडवी रेघ मारली. त्याच्यापुढे म ची वक्ररेघ, तिला जोडून पूर्ण लांबीचा क, आणि यावेळी स्वराचा ठिपकाही दिला.